पोपट पाळण्यापूर्वी

शाळूची कणसे भरू लागली की शिवारात पोपटांचे थवे उतरतात, आणि त्याच सुमारास आंब्याच्या, वडाच्या, जुन्या चिंचेच्या ढोल्यांत त्यांची पिल्ले वाढू लागतात. मुले झाडावर चढतात, ढोलीत हात घालतात आणि पंख न फुटलेली पिल्ले टोपलीत घालून घरी आणतात. आठवडी बाजाराच्या कडेलाही फडक्याने झाकलेल्या टोपलीतून अशी पिल्ले हळूच विकली जातात. ओसरीवर पिंजरा टांगावा, त्यातून ‘विठू विठू’ ऐकू यावे, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. तिच्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण चांगल्या हेतूने केलेल्या कामातूनही मुक्या जिवाचे हाल होतात, आणि घरालाही त्रास होतो.

म्हणून आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. रानातला हिरवा पोपट घरी आणू नये. पक्षी पाळायचाच असेल तर पिंजऱ्यातच पैदास झालेल्या जातीचा पाळावा, आणि तोही घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने त्याची जबाबदारी अंगावर घेतली तरच.

कायदा काय सांगतो

‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून घरात पोपट आहे’, असे पुष्कळजण म्हणतात. आजोबांच्या वेळी मनाई नसेल. आज ती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपटांना संरक्षण दिलेले आहे. त्यात गळ्याला कंठ असलेला आपला नेहमीचा राघू आला, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा करण पोपट आला आणि जांभळट डोक्याचा लहान टुईयाही आला. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षेची तरतूद आता आहे. शे-पाचशे रुपयांच्या पिल्लापायी एवढे संकट ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

ढोलीतल्या पिल्लाचे काय होते

कायद्याचे सोडा, पिल्लाकडे पाहू. पोपटाची मादी ढोलीत चार ते सहा अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि पुढे सहा-सात आठवडे ढोलीतच राहतात. एवढा काळ आईबाप आपल्या पोटातील मऊ झालेले अन्न दिवसातून अनेक वेळा त्यांच्या चोचीत भरवतात. पंख फुटेपर्यंत पिल्लाला स्वतःची ऊबही राखता येत नाही. अशा पिल्लाला आपण घरी आणून काय देतो? दुधात कुस्करलेली चपाती, नाहीतर पाव. पक्ष्याचे आतडे दूध पचविण्यासाठी घडलेले नाही. त्याला हगवण लागते. वाढीच्या वयात चुना न मिळाल्याने पाय वाकडे होतात. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरते. टोपलीतून आलेल्या चार पिल्लांपैकी एखादे जगले तर ‘आमचा पोपट बघा’ म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. बाकीची परसात पुरलेली असतात, ती कोणी मोजत नाही.

मिरची दिली की पोपट लवकर बोलतो, ही समजूतही खरी नव्हे. पक्ष्याला मिरचीचा तिखटपणा आपल्यासारखा जाणवत नाही, म्हणून तो ती आवडीने खातो, इतकेच. बोलणे तो शिकतो ते सोबतीच्या भुकेने. रानात त्याचा थवा असतो. पिंजऱ्यात थवा म्हणजे आपण.

पिल्लू झाडाखाली पडलेले सापडले तर? अंगावर पिसे आलेली असून ते फडफडत असेल, तर कुत्र्या-मांजरांपासून दूर, जवळच्याच फांदीवर ठेवावे आणि लांबून पाहावे. आईबाप बहुधा जवळच असतात. उघडे पिल्लू असेल आणि ढोली सापडत असेल तर परत आत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाही. दोन्ही जमत नसेल तर भोके पाडलेल्या खोक्यात मऊ फडके घालून, ऊब देऊन, वनखात्याला कळवावे. चोचीत पाणी घालू नये.

ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे पोपट पिंजऱ्यात आहे, त्यांनी हे वाचून उद्याच दार उघडून त्याला उडवून देऊ नये. त्याला चारा शोधता येत नाही, घारी-मांजरांची ओळख नसते, पंखांत बळ नसते. त्याला रीतसर वनखात्याच्या स्वाधीन करावे. तेथे त्याची योग्य व्यवस्था होते.

पाळायचाच असेल तर

मग मुलांनी पक्षी पाळूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. मूळचा ऑस्ट्रेलियातील बजरीगर हा लहान पोपट आता जगभर पिंजऱ्यातच पैदास होतो. आपल्या बाजारात त्यालाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड हा निराळा, आफ्रिकेतला. पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्याने बजरीगरनेच सुरुवात करावी. आफ्रिकन करडा पोपट, मकाव अशा मोठ्या परदेशी पक्ष्यांच्या फंदात पडू नये. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जातींची शासनाकडे नोंद करावी लागते, आणि ते कित्येक दशके जगतात. पन्नाशीतल्या माणसाने घेतलेला पक्षी त्याच्या मागे कोण सांभाळणार, हा प्रश्न घेण्याआधीच विचारायला हवा. बजरीगर साधारण पाच ते दहा वर्षे जगतो. तेवढे वचन बहुतेक घरांना पाळता येईल.

पिल्लू स्वतः दाणे टिपू लागल्यावरच, म्हणजे किमान सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर घ्यावे. कोवळ्या पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत आडव्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी त्या जातात. डोळे स्वच्छ, शेपटीखालचा भाग कोरडा आणि अंग चपळ असलेले पिल्लू निवडावे. हा थव्याने राहणारा पक्षी आहे. घरातली सारी माणसे दिवसभर शेतावर असतील तर एक नव्हे, दोन घ्यावेत.

पिंजरा उंच-गोल नको. लांबट हवा, निदान दोन फूट लांब, म्हणजे पंख पसरता येतील. सळ्यांमधील अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावे. बसायला गुळगुळीत दांडीऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावाव्यात, म्हणजे पायांना व्यायाम होतो. पिंजरा भिंतीला लागून, डोळ्यांच्या उंचीवर, उन्हाच्या झोताबाहेर ठेवावा. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. पहिले दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये, फक्त हलक्या आवाजात बोलावे. मात्र तो खातो की नाही ते पाहावे, कारण एवढासा पक्षी उपाशी फार टिकत नाही. पुढे राळ्याचे कणीस हातात धरले की तो आपणहून जवळ येतो.

राळे, वरी, बाजरी हे त्याचे मुख्य दाणे. नुसत्या दाण्यांवर मात्र अ जीवनसत्त्व कमी पडते. म्हणून रोज थोडी कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस द्यावा. चुन्यासाठी समुद्रफेस टांगावा. सूर्यफुलाच्या बिया क्वचितच. मीठ, चहा, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडोचे फळ कधीही नको. पाणी दररोज बदलावे.

येथे शेतकऱ्यांना खास सांगावेसे वाटते. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बी पक्ष्याला चुकूनही घालू नये. फवारणी झालेल्या शेतातला पाला आणू नये. धान्यात कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या ठेवलेल्या खोलीत पिंजरा कधीही नसावा. त्यांचा वायू पक्ष्यालाच काय, माणसालाही मारतो, म्हणून राहत्या घरात त्या वापरूच नयेत. पिंजरा स्वयंपाकघरातही नको. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांच्या उदबत्तीचा धूरही त्याला सोसत नाही. बाहेर सोडताना छताचा पंखा बंद, खिडक्या बंद.

आजारी पक्षी आपला आजार लपवतो. पिसे फुगवून तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी हलणे, विष्ठा पातळ होणे, दाण्याला तोंड न लावणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. उद्यावर टाकू नये.

घरच्या माणसांची प्रकृती

पोपटांपासून माणसाला होणारा सिट्टॅकोसिस नावाचा एक ताप आहे. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेली की एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. दुर्लक्ष केल्यास न्यूमोनियापर्यंत मजल जाते. वेळीच औषध मिळाले तर तो बरा होतो. म्हणून पिंजऱ्यातला कागद आधी ओला करून मगच काढावा, कोरडा झाडू फिरवू नये, हात साबणाने धुवावेत, चोचीला ओठ लावू नयेत. ताप आलाच तर ‘घरी पक्षी आहे’ हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

शेतातला पोपट

कोणी म्हणेल, ‘फादर, हाच पोपट आमचा मका, सूर्यफूल आणि पेरू फस्त करतो, दोन पिंजऱ्यात पडले तर काय बिघडले?’ नुकसान खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण चार ढोल्या लुटल्याने थवा कमी होत नाही. कमी होते ते जुने झाड, कारण पिल्लांसाठी ढोली फोडतात, फांदी तोडतात. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे शेतीतील पक्ष्यांवर बरीच वर्षे संशोधन चालू आहे. तेथून सुचवलेला उपाय साधा आहे: मक्याच्या कडेच्या तीन-चार ओळींतील कणसे त्याच ताटाच्या हिरव्या पानांनी गुंडाळावीत. पोपट कडेपासून खाऊ लागतो, त्याला कणीस दिसत नाही. चकाकणाऱ्या फितीही पिकाच्या माथ्यावर पीळ देऊन दक्षिणोत्तर बांधाव्यात. त्या दाणा भरू लागल्यावरच लावाव्यात, नाहीतर पक्षी सरावतात. पीक पक्व होताच काढणी लांबवू नये.

शेवटी एकच सांगणे. नाताळाला, वाढदिवसाला किंवा पहिल्या कम्युनियनची भेट म्हणून मुलाला पक्षी देऊ नका. मुलाची हौस महिनाभराची असते. पुढे शाळा येते, वसतिगृह येते, आणि पिंजऱ्यातले पाणी बदलायला कोणी उरत नाही. देणाऱ्याने आधी घरच्या आईला विचारावे, कारण शेवटी ते काम तिच्याच वाट्याला येते. ती हसत ‘हो’ म्हणाली तर जरूर आणावा. ती गप्प राहिली तर बांधावर एक पेरूचे झाड लावावे आणि ढोलीचा जुना आंबा तोडू नये. पोपट आपणहून येतील. त्यांना पाहायला पिंजरा लागत नाही.