दोघांचा उपवास

आपल्याकडे उपवास हा बहुतांशी घरातील स्त्रीच्या वाट्याला आलेला धर्म आहे. वटसावित्री, हरतालिका, सोळा सोमवार ही व्रते तिने करावयाची आणि त्या दिवशीही घरच्यांच्या पोळ्या तिनेच लाटावयाच्या. आषाढी एकादशीला सारे घर उपवास करते हे खरे. पण साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी असा जो थाट होतो, तो पाहता चूल त्या दिवशी अधिकच वेळ पेटलेली असते. परप्रांतातही मराठी घरांनी ही परंपरा निष्ठेने सांभाळली आहे, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तथापि खकनारच्या शिवारातील एका ख्रिस्ती शेतकरी दांपत्याचा उपवासकाळ मी काही वर्षे जवळून पाहत आलो आहे. त्यात पती-पत्नी दोघेही सारखेच बांधलेले असतात, ही गोष्ट मला लिहिण्याजोगी वाटली.

प्रथम थोडी कालगणना. ईस्टरचा रविवार चंद्रावर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा चर्चच्या पंचांगाप्रमाणे धरावयाची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. ही पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमा असते. ईस्टरपासून मागे, रविवार वगळून, चाळीस दिवस मोजले की राखेचा बुधवार येतो. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण. त्या बुधवारी भाविकांच्या कपाळी राख लावतात. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. २०२५ साली हा बुधवार ५ मार्चला आला. रमजानचे रोजे त्याआधीच, २ मार्चला, सुरू झाले होते, आणि आठवड्याभराने होळी पेटली. एका तालुक्यात इतक्या जणांचे खाणेपिणे एकाच वेळी धर्माने बांधलेले असावे, हा योग मोठा मौजेचा होता.

ख्रिस्ती धर्म आणि मराठी भाषा हे नाते ज्यांना परके वाटते, त्यांना एवढेच सांगावयाचे की फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. एम.ए.च्या अभ्यासात आम्ही ते भाषेसाठी वाचले होते. असो.

या दांपत्याची शेती जेमतेम चार एकर. तो इकडचाच, ती परतवाड्याकडची, बोलणे अस्सल वऱ्हाडी. दोघे कॅथलिक. त्यांच्या चर्चचा कडक नियम फार थोडा आहे: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवावे, आणि त्या दोन दिवशी व उपवासकाळातील प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य करावे. बाकी काय सोडावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. हे दोघे चाळीसही दिवस मांस-मासळी सोडतात. त्याची बिडी बंद, तिचा साखरेचा चहा बंद. वाचलेले पैसे पत्र्याच्या एका डब्यात पडतात आणि शेवटी कोणा गरजवंताकडे जातात. स्वयंपाक सकाळी एकदाच होतो. सायंकाळी सकाळचीच भाकर, ठेचा आणि असले तर ताक. त्यामुळे तिला दिवेलागणीला जो तास मोकळा मिळतो, त्यात ती मराठी बायबल मोठ्याने वाचते. तो हिंदी शाळेत शिकलेला, त्याला मराठी वाचन जड जाते, तो ऐकतो.

"पोटाचा उपास तर उन्हायात आपसूक घडते, गुरुजी," ती एकदा म्हणाली. "हा मनाचा हाये, म्हणून जड जाते."

किती जड जातो ते २०२५ साली दिसले. त्याच्या आणि धाकट्या भावाच्या शेतांमधील बांधावर एक जुने मोहाचे झाड आहे. वाटणीच्या वेळी जमीन मोजली गेली, झाड राहिले. तेव्हापासून दोन्ही घरे दर मार्चमध्ये पहाटे टोपल्या घेऊन त्याखाली येत, आणि तीन वर्षे भाऊ भावाशी बोलला नव्हता. धाकट्याने तर आपल्या बाजूने काटेरी फांद्यांचे कुंपणही घातले होते. मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. ती वेचून, उन्हात वाळवून विकली की ऐन उन्हाळ्यात हाती रोकड येते. चार एकरांच्या घरात ती रोकड लहान नव्हे.

त्या वर्षी तिने सांगितले, या उपवासात आपण झाडाखाली जायचे नाही.

तो संतापला. मांस सोडले, बिडी सोडली, आता फुलेही सोडावयाची? फुले काय मांस आहे? "अहो, मांस तर तुम्ही हसत सोडता," ती म्हणाली, "हे सोडून पाहा ना." (मराठीत झाडाचे नावच मोह, हा श्लेष माझा नव्हे.) दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी टोपली माळ्यावर गेली.

तिचे बरोबर होते का, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. शेजारी तिला भोळी म्हणाले. तो रोज पहाटे उठून अंगणात बसे आणि आज किती फुले गेली याचा अंदाज करी. होळीच्या दिवशी शेजाऱ्यांनी रंग लावला, पेला पुढे केला. त्याने रंग घेतला, पेला परत केला. धाकटा मात्र सारे झाड एकटा वेचत राहिला. पहिल्या आठवड्यात तो हसत होता म्हणतात. पुढे त्याची बायको वेचावयास येईनाशी झाली.

१८ एप्रिलला उत्तम शुक्रवार. क्रुसाची वाट आटोपून दोघे शेताच्या रस्त्याने पायी परतत होते. बांधावरचे काटेरी कुंपण कोणी काढून बाजूला रचून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तो मला शाळेच्या फाटकाशी भेटला.

"कुंपण काढलं त्यानं, गुरुजी. पण बोलला नाही."

"तू बोललास का?"

तो काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्या चर्चमध्ये येईलच तो." झाडावरचा मोह तोवर गळून संपला होता.