एका दिवसाची पवनी

धान घरात आले, मळणी उरकली, तणसाचे ढीग रचून झाले, की आपल्या झाडीपट्टीत थोडी उसंत मिळते. मंडईचे दिवस संपतात, लग्नसराई अजून दूर असते. अशा वेळी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस बाहेर पडावे, असा आमचा आग्रह आहे. सगळ्यांनी म्हणजे चुलीपाशी असणाऱ्या माउलीनेसुद्धा. वर्षभर बांधीत रोवणी, निंदण, कापणी तिने केली. तिलाही एक दिवस पदर खोचून न राहता मोकळे फिरता आले पाहिजे.

जायचे कुठे? देवरीची माणसे नागपूरला जातात, ती बहुतेक दवाखान्यासाठी किंवा लग्नाच्या खरेदीसाठी. पोरांना पुस्तकात सांची शिकवतात, पण भंडारा जिल्ह्यातली पवनी त्यांच्या कानावर येत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसेच हे झाले. साकोली, लाखनी करत भंडारा गाठावे आणि तिथून दक्षिणेला वळावे, की वैनगंगेच्या काठी पवनी लागते. देवरीहून एका बाजूचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते. एसटीने जायचे तर पहाटेच निघावे लागेल. दोन-तीन घरांनी मिळून एखादी जीप ठरवली, तर खर्चही वाटला जातो आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होत नाहीत. शिदोरी घरचीच घ्यावी.

पवनी गाव पाहताना पहिली नजर तटाकडे द्यावी. एका अंगाला नदी आणि बाकीच्या अंगांना मातीचा उंच तट, त्याच्याबाहेर खंदक, अशी या गावाची जुनी ठेवण आहे. बांधीची पाळ घालणाऱ्या माणसाला हा तट काय आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही. टोपल्या टोपल्या माती टाकून माणसांनी तो उभा केला. पोरांना तिथे उभे करून एवढेच विचारावे, की एवढी माती वाहायला किती हात लागले असतील?

गावालगत जगन्नाथ टेकडी आहे. पूर्वी लोकांना ती नुसती टेकडीच वाटायची. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे खोदकाम केले. डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली ते झाले आणि १९७२ साली त्याचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला. टेकडीच्या पोटात विटांचा मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याची सुरुवात मौर्यांच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. भोवती दगडी कठडा होता. त्या दगडांत पाच फण्यांचा नाग कोरलेला सापडला आणि त्याचे नावही ब्राह्मी लिपीत लिहिलेले होते. हा मुचलिंद नाग. भर पावसात बुद्धांवर फणा धरून त्याने त्यांना भिजू दिले नाही, अशी कथा आहे. नागपंचमीला नांगर बंद ठेवणाऱ्या आपल्या घरांत ही कथा पोरांना जरूर सांगावी.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ती सगळी राजेरजवाड्यांची नाहीत. साधे उपासक आहेत, भिक्षू-भिक्षुणी आहेत, बायाही आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा दिली. अशा लहान लहान दानांतून ते मोठे काम उभे राहिले. आज देवळाच्या पायरीवर आपण वर्गणीदाराचे नाव लिहितो, ती चाल किती जुनी आहे, ते इथे कळते.

अशी गोष्ट फक्त जुन्या काळात घडली, असेही नाही. जर्मनी देशात रोथेनबुर्ग नावाचे एक लहान तटबंदीचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या मार्च अखेरीस, बॉम्बफेकीत त्याची बरीच घरे आणि तटाचा काही भाग पडला. लढाई संपल्यावर देशोदेशीच्या लोकांनी पैसे दिले आणि तट पुन्हा बांधला गेला. देणाऱ्यांची नावे दगडावर कोरून त्याच तटात बसवली आहेत. आज तिकडची कुटुंबे पोरांना घेऊन एका दिवसासाठी तिथे येतात, तटावरून चालतात आणि ती नावे वाचतात. त्या पाहुण्यांवर गावातल्या कित्येक घरांची चूल पेटते.

आपल्याकडे मात्र जुन्या टेकडीची वीट चुलीला लागते, तटाची माती ट्रॅक्टरमध्ये भरली जाते. माती सगळीकडे मिळते, पण ही माती एकदा उकरली की त्यातले लिखाण कायमचे पुसले जाते. म्हणून सहलीला जाल तेव्हा पोरांना खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू देऊ नका. कठड्यावर नाव खरडू देऊ नका.

आणि एक कामाची गोष्ट. आपल्या शेतात नांगराच्या फाळाला नाण्यांची घागर लागली, तर रात्री गुपचूप सोनाराकडे जाऊ नये. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीतले धन सापडले, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर सापडलेल्यातला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले आणि कोणी मालक पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायदाच राखतो. सरकारने ती वस्तू ठेवून घेतली, तर तिची किंमत देते. कोरीव दगड किंवा मूर्ती निघाली, तर ती हलवू नये. पोलीस पाटलाला आणि तहसील कचेरीत कळवावे.

परतताना वेळ उरला, तर पवनी तालुक्यातलेच गोसीखुर्दचे धरण पाहावे. १९८८ च्या एप्रिलमध्ये त्याची कोनशिला बसली. या पाण्यापायी कित्येक गावे उठली. ज्यांची शेते गेली, त्यांची नावे कुठल्या दगडावर आहेत, असे पोर विचारील तर त्याला गप्प करू नका. दोन हजार वर्षांपूर्वी एका खांबाचे दान करणाऱ्या बाईचे नाव जपून ठेवणारी माणसे याच नदीकाठची होती, हे त्याला सांगा. घरी पोचायला रात्र होईल, पोरे गाडीतच झोपतील. पण पुढच्या हंगामात बांधीत एखादे खापर निघाले, तर ते फेकण्याआधी हातात घेऊन पाहतील. सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले म्हणायचे.