खाजणावरचा भराव कोणी मंजूर केला?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. बंगालच्या उपसागराकडून सरकलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने पश्चिमेचे मोसमी वारे बळावले, आणि उत्तुंग गडगडाटी ढग उपनगरांवर तासन्‌तास रिते होत राहिले. त्यातच दुपारी समुद्राला मोठी भरती. निसर्गाचा वाटा एवढा.

पुढचे कर्तृत्व माणसांचे आहे. तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी पर्जन्यवाहिन्यांची क्षमता दुप्पट करावी, ही शिफारस 1993 पासून दप्तरात पडून होती. मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून काढलेली. मुखाकडची खाजणे बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलेले. आणि पूर ओसरताच बोट कोणाकडे वळले? काठावरच्या झोपडीकडे आणि प्लास्टिकच्या पिशवीकडे! पिशव्यांनी नाले तुंबतात हे खरेच. परंतु खाजणावरच्या भरावाचा नकाशा काही झोपडीवाल्याने मंजूर केला नव्हता. साकीनाक्याला दरड कोसळली, तिच्याखाली मात्र तोच गाडला गेला.

अरबी समुद्र आता अधिक तापतो आहे. अतिवृष्टीचे दिवस वाढत आहेत. पन्नास मिलिमीटरच्या वाहिन्याही मग अपुऱ्याच. पाण्याला पसरायला जागा हवी, आणि ती जागा आज जमिनीच्या बाजारात आहे. नदीकाठ मोकळा करण्याच्या नावाखाली वस्त्या उठवायला येतील, तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: कामाच्या ठिकाणाजवळ पर्यायी घर कोठे आहे, आणि संकुलांचा भराव कधी काढणार?