कोकराचे वजन आणि मेंढपाळाचा तोटा

वैशाखाच्या उन्हात जिंतूर-गंगाखेडच्या माळांवरून फिरणारा मेंढ्यांचा कळप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जनावराच्या पाठीचा कणा दुरूनही मोजता येतो हे सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास, पावसाळी गवतावर चरलेला कळप मात्र अंगाने भरलेला असतो. हा फरक केवळ वजनाचा नाही. त्या वजनात काय भरले आहे, याचा आहे.

वाढत्या कोकरात आधी हाड, मग मांस व शेवटी चरबी तयार होते. चाऱ्याची टंचाई आली की हा क्रम उलटतो. प्रथम चरबी जाते, पाठोपाठ मांस झडू लागते. हाड मात्र बव्हंशी तसेच राहते. शिवाय वाळलेल्या, निकस चाऱ्याने भरलेले पोट जिवंत वजनात मोजले जाते आणि सोलल्यावर वजा होते. म्हणून उन्हाळी कोकरातून खाण्याजोगा भाग कमी व हाड अधिक मिळते.

व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. पाठीवर हात फिरवून तो अंदाज बांधतो आणि सौदा नगावर ठरतो. मेंढपाळालाही ते कळते. परंतु चारापाणी संपलेल्या माणसाला थांबण्याची सोय नसते. त्यातच बकरी ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. २०२० साली ती १ ऑगस्टला होती, २०२४ साली १७ जूनला. मोठ्या मागणीचा बाजार असा जनावर सर्वांत रोड असण्याच्या दिवसांकडे सरकत आहे.

उपाय अवघड नाहीत. विक्रीपूर्वी दोन महिने, हळूहळू सवय लावून, रोज पाव किलोपर्यंत भरडा व पेंड दिली, बाभळीच्या शेंगा साठवून ठेवल्या, तर ही झीज बरीच रोखता येते. पेंडीला पैसा लागतो हे खरे; म्हणूनच पिकाप्रमाणे कळपालाही वेळेवर कर्ज मिळणे अगत्याचे आहे. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पशुवैद्यक महाविद्यालयही याच शहरात आहे. तेथील ज्ञान मेंढवाड्यापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि आठवडी बाजारात काटा उभा राहिला पाहिजे.

आपण नोकरदार मंडळी मटण किलोवर घेतो व छटाकभर कमी भरले तर हुज्जत घालतो. ज्याने ते जनावर वर्षभर रानोमाळ वाढविले, त्याच्या वाट्याला मात्र तराजूही येऊ नये, हा कोणता न्याय?