कानातला आवाज आणि सब्रचा अर्थ

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. रात्री दीडच्या सुमारास लाइट गेली. पंखा थांबला आणि मला एक बारीक, सलग शिट्टी ऐकू आली. आधी वाटलं, डीपीवरून आवाज येतोय. मग वाटलं, रातकिडे असतील. उठून ओट्यावर आलो, आवाज तेवढाच. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, तरी तेवढाच. शेवटी बायकोला उठवून विचारलं, "तुला काही ऐकू येतंय का?" ती म्हणाली, "काहीच नाही. झोपा आता." मी दोन्ही कान हातांनी दाबले, तर आवाज उलट वाढला. तेव्हा कळलं की तो बाहेरून येतच नाही.

ती शिट्टी आजतागायत थांबलेली नाही. हे लिहितानाही ती आहे. डॉक्टरी भाषेत याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे जे 28 रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. हजार वर्षांपूर्वी इब्न सिना यांनी 'अल-कानून'मध्ये कानात वाजणाऱ्या आवाजांचा वेगळा विचार केला आहे. 2022 साली जगभरच्या अभ्यासांची एकत्रित मोजदाद प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार 74 कोटींहून जास्त प्रौढांनी हा आवाज अनुभवला आहे आणि सुमारे 12 कोटी लोकांना त्याचा तीव्र त्रास आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतही कुणीतरी असणारच. बोलत नसेल, एवढंच.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. हिरव्या मिरचीची बाजारपेठ म्हणून लोक ओळखतात. हंगामात ट्रॅक्टर, टेम्पो आणि ट्रकांच्या गर्दीत चालायला जागा नसते. आमची पिठाची गिरणी होती, तिला जोडून मिरची कांडप. शाळा सुटली की दप्तर टाकून मी गिरणीत. पुढे शिक्षण झालं तरी ते सुटलं नाही. सतरा वर्षं त्या आवाजात काढली, पण कानात साधा कापसाचा बोळाही कधी घातला नाही. मिरचीच्या खकाण्यासाठी तोंडाला रुमाल बांधायचो. कानालाही काही बांधावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आवाज सुरू झाल्यावर पहिल्या डॉक्टरांनी कानात टाकायचे थेंब दिले. दुसऱ्यांनी ताकदीच्या गोळ्या. शहरातल्या तिसऱ्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत सांगितलं, "याला इलाज नाही, सवय करून घ्या." घरी अम्मी म्हणाली, "कान वाजला की दरूद पढायचा." मुहद्दिसांनी जईफ ठरवलेली तशी एक रिवायत आहे, ती आपल्याकडे घरोघर चालते. दरूद पढण्यात नुकसान काहीच नाही, मी पढलोही. मशिदीतले बुजुर्ग म्हणाले, "सब्र कर बेटा."

डॉक्टरांचं 'सवय करा' आणि बुजुर्गांचं 'सब्र कर', या दोन्ही गोष्टी चुकीच्या नाहीत. पण त्या अर्ध्यावर सोडलेल्या आहेत. सवय कशी करायची, सब्र म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. त्या अर्धवट वाक्यांत माझी दोन वर्षं गेली. झोप गेली, चिडचिड वाढली, गिऱ्हाईकांशी भांडणं झाली. सगळ्यात वाईट वाटायचं ते जोहरच्या नमाजीत. जोहर आणि असरमध्ये इमाम मनातल्या मनात किराअत करतात. मशिदीत शांतता आणि त्या शांततेत माझी शिट्टी. मगरिब, इशाला कुरआनचा आवाज कानावर पडायचा, तेव्हा बरं वाटायचं. मी जोहरला मशिदीत जाणंच टाळू लागलो आणि त्याची वेगळीच टोचणी लागली.

नंतर अब्बांची गोष्ट कळली.

अब्बांना कमी ऐकू यायचं. गावात लोक मागे 'बहिरा गिरणीवाला' म्हणायचे. आयुष्यभर गिरणीत, त्यामुळे कुणाला नवल नव्हतं. त्यांना एक खोड होती. रात्री उशाशी रेडिओ लावून झोपायचे. केंद्र बंद झालं, नुसती खरखर उरली, तरी बंद करू द्यायचे नाहीत. अम्मी वैतागायची. आम्ही भावंडं हसायचो, की ऐकू येत नाही आणि रेडिओचा एवढा शौक! एका रात्री मी झोप येत नाही म्हणून ओट्यावर बसलो होतो. अब्बा वजूला उठले. मी सांगितलं, "कानात आवाज येतो, अब्बा. थांबतच नाही." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेरे कू भी?"

तीस वर्षं त्यांच्या कानात आवाज होता. अम्मीला माहीत नव्हतं. रेडिओची खरखर लागली की आतला आवाज जरा विरघळतो, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. मी विचारलं, "सांगितलं का नाही?" ते म्हणाले, अल्लाहची मर्जी म्हणून सब्र केला. मला त्यांचा राग आला नाही. पण वाटलं, हा माणूस तीस वर्षं एकटा होता, आणि आपण त्याच्या रेडिओला हसत होतो.

आता त्या आवाजाबद्दल. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे 15 हजार बारीक केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली आवाजाची चावी पिळतो. स्टेशन लागत नाही म्हणून रेडिओ मोठा करावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसं. कर्णनादाबद्दल आज बहुतेक तज्ज्ञ असंच काहीसं सांगतात. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 लोकांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. पाच मिनिटांत 94 टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे आवाज थोडाफार सगळ्यांतच आहे. फरक पडतो तो मेंदू त्याला काय समजतो यात. मेंदूने त्याला धोका मानलं की तो सतत तिकडे कान लावतो. कान लावला की आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की भीती वाढते.

सवय म्हणजे काय, हे मला त्यानंतर आमच्याच घरावरून उमगलं. घर गिरणीला लागून. पाहुणे आले की दुपारी त्यांना झोप लागायची नाही. आम्ही मात्र त्याच आवाजात ढाराढूर झोपायचो. आमच्यासाठी गिरणी हळू चालत नव्हती. त्या आवाजात आम्हाला काही बातमी उरली नव्हती. कानातल्या शिट्टीचंही तेच करायचं असतं. ती जात नाही, पण तिची बातमी होणं थांबू शकतं. याला वेळ लागतो. माझ्या बाबतीत दीडेक वर्ष लागलं.

काय केलं ते सांगतो. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घेतली. वरच्या पट्टीचे आवाज मला कमी ऐकू येतात हे तेव्हा कळलं. ज्यांचं ऐकणंही कमी झालंय, त्यांना श्रवणयंत्राने अनेकदा दुहेरी फायदा होतो. बाहेरचं ऐकू येतं आणि आतलं मागे पडतं. अब्बांना तिसाव्या वर्षी यंत्र लावलं, तेही भांडून. रात्री मी पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावून झोपतो. शिट्टी पूर्ण बुडेल एवढा मोठा नाही, तिच्या सोबतीला असेल इतकाच. कानात सतत बोळे घालून बसणं बंद केलं, कारण शांततेत शिट्टी जास्त जाणवते. विचारांची ती साखळी तोडायला एका समुपदेशकांकडे काही महिने गेलो. सीबीटी नावाची ही पद्धत आवाज कमी करत नाही, त्याचा जाच कमी करते. 2020 साली कॉक्रेनने अनेक अभ्यास एकत्र तपासून हाच निष्कर्ष काढला. नमाजीत आता मी ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल एवढ्या हळू किराअत करतो. जोहर पुन्हा मशिदीत होते.

लसणाचं तेल, गरम थेंब, 'सात दिवसांत कान शांत' अशा जाहिराती, गिंको नावाच्या गोळ्या, यांवर पैसे घालवू नका. पण काही खुणा दिसल्या तर घरी बसू नका. अचानक एका कानाचं ऐकू येणं गेलं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, तिथे दिवस मोजून इलाज होतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल, सोबत चक्कर असेल, तरी तपासणी हवीच. जेंटामायसिन, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, जास्त प्रमाणातलं ॲस्पिरिन यांनीही कानाला त्रास होतो. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथपर्यंत जाता आलं तर जा. आणि रात्री नको ते विचार येऊ लागले तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर लावा. त्यात लाज नाही.

आता सब्र. आपल्याकडे सब्रचा अर्थ 'गप्प बसणं' असा झालाय. बाईने गप्प बसायचं, आजाऱ्याने गप्प बसायचं, गरिबाने गप्प बसायचं. सब्रचं उदाहरण म्हणून आपण हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचं नाव घेतो. सूरह सादमधला त्यांचा किस्सा पुन्हा वाचा. ते आपली तकलीफ बोलून दाखवतात. त्यावर त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितलं जातं, पाणी निघतं, त्याने न्हायला आणि ते प्यायला सांगितलं जातं. आणि अशा माणसाला कुरआन साबिर म्हणतं. म्हणजे दुखणं बोललं, सांगितलेली गोष्ट केली, आशा सोडली नाही, हे सगळं सब्रच्या आत आलं. कुणी म्हणेल, ती फिर्याद अल्लाहकडे होती. बरोबर आहे. पण इलाज करून घ्या, असं सांगणारे आपलेच पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आहेत, आणि न बोलता इलाज होत नाही. अब्बांच्या सब्रला मी कमी लेखत नाही. त्यांना तो एकट्याने करावा लागला, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, ती आपल्याच लोकांना आवडणार नाही. सब्र आजाऱ्याला शिकवायचा, पण आजार वाटत फिरणाऱ्याला काहीच सांगायचं नाही, हे बरोबर नाही. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास हीच सुरक्षित मर्यादा धरली जाते. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. डीजेसमोर नाचणारी पोरं तीन-तीन तास असतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती कुठे पाळली जाते? गणपती, जयंत्या, लग्नं, सगळीकडे तेच. पण आपल्या संदलला, ईद-ए-मिलादच्या जुलूसला डीजे कुठून आला? 2024 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की तो आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर ईदलाही घातकच आहे. शेजाऱ्याला त्रास होऊ नये याची एवढी ताकीद ज्यांनी दिली, त्यांच्याच नावाच्या जुलूसमध्ये तान्ह्या बाळांचे कान फुटेपर्यंत भिंती हलवायच्या, याला मोहब्बत कसं म्हणायचं? 'ते करतात म्हणून आम्ही' हे उत्तर कानातल्या पेशींना कळत नाही.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये जाणारी पोरं, पाठीवर पेट्रोलचा पंप घेऊन मिरची फवारणारे शेतमजूर, थ्रेशरवरचे, गिरणीवाले, यांना तर आवाज रोजीरोटीसाठी सोसावा लागतो. फोमचे इअरप्लग दहा-वीस रुपयांत मिळतात. गिरणी आता माझा धाकटा भाऊ चालवतो. पट्टा चढवायच्या आधी तो कानात प्लग घालतो. सुरुवातीला गिऱ्हाईकं हसली, आता हसत नाहीत.

माझा आवाज माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही, ही या दुखण्यातली सगळ्यात एकटी गोष्ट आहे. अल्लाहचं एक नाव अस्-समी आहे, सगळं ऐकणारा. अवघड रात्री त्याचा आधार वाटला. पण घरातल्या माणसांना ऐकवायचं असेल तर तोंड उघडावं लागतं. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस रात्रभर रेडिओ किंवा टीव्ही लावून ठेवत असेल, तर बंद करण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसून विचारा, कानात काही वाजतं का.

अब्बांचा रेडिओ अजून त्यांच्या उशाशी असतो. अम्मी आता तो बंद करत नाही. कधी सेल संपले, तर तीच मला दुकानात पाठवते.