गावानं जुनंच का राहावं?

'एक दिवस खेड्यात' घालवून आलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "गाव छान आहे हो, पण आता पूर्वीचं राहिलं नाही." म्हणजे नक्की काय झालं, तर घरांवर स्लॅब आले, गच्चीवर डिशच्या थाळ्या आल्या, पोरांच्या हातात मोबाईल आले. हे वाक्य मीही अनेकदा ऐकून मान डोलावली आहे. पण अलीकडे ते खटकायला लागलंय. का, ते मेणवलीच्या निमित्तानं सांगतो. या हिवाळ्यात एक अख्खा दिवस तिथे काढला.

मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा ही गावाची मुख्य ओळख. वाड्यामागे नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ, त्याच्या जवळच विष्णूचं, आणि तिथेच टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शंकराच्या अंगणात मेरीमाता! खाली उभं राहून हे बघताना फार गंमत वाटते.

बहुतेक पाहुण्यांची मेणवली इथेच संपते. वाडा, घाट, घंटा, "'स्वदेस'चं शूटिंग नक्की कुठे झालं हो?" ही चौकशी, चार फोटो, आणि मग पसरणीचा घाट चढून पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला. सगळं मिळून तासाभरात.

आम्ही त्या दिवशी पुढे कुठेच गेलो नाही. उन्हं चढेपर्यंत घाटावर बसलो, मग वाड्याकडे पाठ करून शेतांच्या बाजूला चालत सुटलो. एकीकडे ऊस, दुसरीकडे हळद. हळद काढणीला आलेली, पानं पिवळी पडून वाळलेली. वर पांडवगड. पाणी मागायला एका घरी थांबलो तर आजींनी "च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई" म्हणून बसवूनच घेतलं. घर नवं होतं, सिमेंटचं, गुलाबी रंगाचं. बरोबरच्या मित्राला राहवलं नाही. "आजी, आधीचं घर कसलं होतं? कौलारू असेल ना? किती छान!"

आजी हसल्या. "छान व्हतं की. वानरं यायची, कौलं फोडून जायची. दरसाल पावसाच्या आधी वर चढून शाकारायचं कुणी? पोरगं पुण्याला, म्हातारा गुडघ्यानं अधू. आता पाऊस लागला तरी झोप लागती."

या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाऊस पडत असताना झोप लागणं ही आपण शहरात इतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे की तिला किंमत असते हेच आपण विसरलोय.

आता थोडा विचार करा. 'स्वदेस' (२००४) मध्ये मेणवलीनं उत्तर भारतातल्या एका काल्पनिक गावाचं काम केलं. गोष्ट काय, तर गावात वीज नीट नाही आणि गावकरी एकत्र येऊन ती तयार करतात. तो सिनेमा बघून डोळे पुसलेले आपण मेणवलीला जातो, आणि तक्रार काय करतो? "फोटोत विजेच्या तारा येतात!"

आणि 'पूर्वीचं' म्हणजे तरी कधीचं? नानांचं घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. एवढा मोठा वाडा उभा राहिला तेव्हा तो नवा कोराच होता, आणि गावातला एखादा म्हातारा तेव्हाही पुटपुटला असेल, "गाव आता पूर्वीचं राहिलं नाही." घंटा तर थेट चर्चची. गावात बाहेरचं काही येणं हे आजचं नाही.

याचा अर्थ जुनं पाडून टाका असा अजिबात नाही. वाडा, घाट, देवळं टिकलीच पाहिजेत. पण दगडी घाट राखणं आणि एखाद्या शेतकऱ्यानं आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून गळक्या कौलांखाली राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसे मोजायची आपली तयारी हवी. दुसरी मागायचा आपल्याला हक्कच नाही. वर्षातला एक दिवस येणाऱ्यानं बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांचे नियम ठरवू नयेत.

हे वाचणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना एव्हाना कळलं असेलच की मी मेणवलीच्या आडून कुठे निघालोय. गावच्या घराचा विषय गेली दोन वर्षं चाललाय. काकांना मागची पडवी पाडून संडास-बाथरूम आत घ्यायचंय आणि वर स्लॅब टाकायचाय. आपण पुण्या-मुंबईचे सगळे म्हणतो, "नको, आजीची आठवण आहे." आठवण आपली, आणि पावसात छत्री घेऊन अंगणापलीकडे जायचं काकूंनी, वयाच्या सत्तरीत. हे मला पटत नाही. जो घरात राहतो त्याचा शब्द शेवटचा असावा. माझा हिस्सा म्हणून माझी सही आणि जमतील तेवढे पैसे, दोन्ही मी देणार आहे. पडवीच्या तुळया आणि दार हवं तर आपण वाटून घेऊ.

बाकीच्या वाचकांना एवढंच सांगणं, गावाला जरूर जा. पण तासाभरासाठी नको, दिवसभरासाठी जा. तिथेच जेवा, पैसे तिथेच खर्च करा, कचरा आपल्याबरोबर परत आणा. आणि नवं घर दिसलं तर हळहळण्याआधी ते का बांधलं, हे एकदा विचारा. चहा मिळेलच, बहुतेक उत्तरही मिळेल.

घरच्यांनो, फोन करा. भांडायचं असेल तरी करा.