वळिवाची वेळ

द्राक्षांचा बेदाणा होण्यास साधारण पंधरा दिवस लागतात. तासगाव-सांगली परिसरातील शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेला हा माल उन्हाळ्याच्या कोरड्या हवेवर वाळतो. याच दिवसांत एखाद्या दुपारी वळीव कोसळला, तर बेदाणा काळवंडतो आणि भाव घसरतो. सकाळी निरभ्र असलेले आकाश काही तासांत कसे पालटते, याचे उत्तर जमिनीलगतच्या हवेत आहे.

सूर्य प्रामुख्याने जमीन तापवितो आणि जमीन हवेला तापविते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. भर दुपारी घारी पंख न हलविता घिरट्या घेत उंच जातात, त्या याच ऊर्ध्वगामी प्रवाहाच्या आधाराने. वर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे चढणारी हवा प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. ती कोरडी असेल, तर पाऊस पडत नाही. मात्र समुद्रावरून ओलावा आलेला असेल, तर वाफेचे जलकण बनतात. त्या वेळी वाफेतील सुप्त उष्णता बाहेर पडते. तिच्या बळावर हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहून आणखी वेगाने चढते आणि ढग १० किलोमीटरहूनही उंच वाढतो.

प्रवाह प्रबळ असेल, तर तो जलकणांना अतिथंड थरांत उचलून धरतो. तेथे गारा वाढत जातात आणि त्यांचा भार प्रवाहाला पेलेनासा झाला की खाली कोसळतात. पावसाबरोबर थंड हवाही खाली येते. वळिवाआधी अंगावर येणारा गार झोत तो हाच.

जमीन तापण्यास वेळ लागतो, म्हणून वळीव बहुधा दुपारनंतर किंवा सायंकाळी येतो. उघड्यावरील मालाची चढउतार सकाळी उरकणे आणि ताडपत्री दुपारपूर्वीच हाताशी ठेवणे, हे त्यामुळे शहाणपणाचे. फुलकोबीसारखा ढग झपाट्याने उंच वाढू लागला, तर तो इशारा समजावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र माल झाकण्यासाठी हमालाला उघड्यावर धाडू नये. भिजलेल्या मालाचा तोटा पुढच्या हंगामात भरून निघू शकतो. गेलेला माणूस परत येत नाही.